एकमताचें गांव



सभेंत हात वर होतात, ते मोजले जातात, सात विरुद्ध सहा असा निकाल लागतो आणि ठराव संमत होतो. हें दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. शाळेचें मंडळ घ्या कीं गृहनिर्माण सोसायटी घ्या, कारभार याच रीतीनें चालतो. पण हरलेल्या त्या सहा जणांचें पुढें काय होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. ते रुसून घरीं बसतात, किंवा ठराव फसावा म्हणून खटपट करीत राहतात. आज ज्या गांवाची हकीकत सांगणार आहें, त्यानें या सहा जणांचा विचार आधीं केला.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा हें गोंडांचें गांव आहे. लोकवस्ती सुमारें ५००. १९८० नंतरच्या दशकांत इंचमपल्ली व भोपालपट्टणम् येथील नियोजित धरणांविरुद्ध त्या मुलखांत मोठें आंदोलन झालें. त्यांतून आपल्या जुन्या रीतीभातींकडे नव्या दृष्टीनें पाहण्याची प्रेरणा लोकांस मिळाली. तरुणांना समाजाचें शिक्षण देणारें घोटुल गांवानें पुन्हा उभारलें. त्यासाठीं जंगलांतील लाकूड घेतलें म्हणून वनखात्यानें कारवाई केली. तरी गांव मागें सरलें नाहीं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ग्रामसभेची रीत. येथें मतें मोजीत नाहींत. एकाचाही विरोध असला, तर विषय पुढच्या सभेवर जातो आणि सर्वांचें समाधान होईपर्यंत चर्चा चालते. सभेंत स्त्रियाही बसतात व बोलतात. देवाजी तोफा हे गांवचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांना साथ देणारे कार्यकर्ते होते. त्यांच्या काळांत ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट निघाला. त्यांत बाहेरच्या जाणत्यांना बोलावून कायदा समजून घ्यावयाचा, वाद घालावयाचा. निर्णय मात्र ग्रामसभेनेंच करावयाचा. दिल्ली-मुंबईस आमचें सरकार आहे, पण गांवांत आम्हीच सरकार आहोंत, ही त्यांची घोषणा सर्वत्र गाजली.

कोणी म्हणेल, अशानें कामें रखडतील. इतिहासाचा निर्वाळा निराळा आहे. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला, तेव्हां मेंढ्याची तयारी आधींच झालेली होती. २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क देशांत प्रथम मिळविणाऱ्या गांवांत त्याची गणना होते. पुढें बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्यास वनखातें तयार होईना. बांबू हें गौण वनोपज आहे, असें कायद्यांत स्पष्ट असतांही हा वाद चालला. अखेर एप्रिल २०११ मध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं मेंढ्यास येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलें. पुढें २०१३ सालीं गांवानें आपली शेतजमीनही ग्रामदानांत देण्याचें ठरविलें. जमिनीसारख्या विषयावर गांव एकमुखानें बोललें, कारण तेथें हरलेला पक्षच शिल्लक ठेवीत नाहींत. आरंभीं गेलेला वेळ शेवटीं वाचला.

परंतु जुनें तें सारें सोनें, असें मात्र मी म्हणत नाहीं. आपल्याकडे मराठेशाहींत गोतसभा होत्या. त्या वाद ऐकून महजर करीत आणि त्यावर जमलेल्यांच्या साक्षी पडत. पण त्या सभांत वतनदारांचा शब्द जड असे. ज्यांच्या वांट्यास गांवकुसाबाहेरचें जिणें आलें, त्यांचा शब्द तेथें कितीसा चालणार! आवाज उठविण्याची सोय नसली म्हणजे एकमत सहज होतें. त्याला एकमत म्हणूं नये. मेंढ्यानें जुनी रीत घेतली, पण सभेची बैठक रुंद केली, आणि कायद्याचा अभ्यास तिच्या जोडीस दिला.

मीं आयुष्यभर मुलांना लढाया आणि तह शिकविले. एखाद्या सभेनें एका अडलेल्या माणसासाठीं निर्णय थांबविला, ही गोष्ट मात्र कधीं सांगितली नाहीं. आतां वाटतें, ती आधीं सांगावयास हवी होती. आपल्या मंडळाच्या पुढच्या सभेंत हात मोजण्यापूर्वीं, नाहीं म्हणणाऱ्याला त्याचें कारण एकदां विचारून पाहावें. त्यासाठीं ना कायदा बदलावा लागतो, ना खर्च येतो.