यंत्राला गप्प करणारे बटन : डिस्नेच्या मोनोरेलची गोष्ट

#धागा

आजचा धागा एका बटनाविषयी आहे. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणूकनगरीत धावणाऱ्या मोनोरेलच्या चालककक्षात ते असते. पुढच्या गाडीच्या फार जवळ गेल्यास मोनोरेलला आपोआप थांबविणारी एक यंत्रणा तेथे आहे. त्या यंत्रणेचा आदेश तात्पुरता बाजूला सारण्यासाठी हे बटन.

यंत्रणेचे नाव मॅपो. १९६४ सालच्या ‘मेरी पॉपिन्स’ या चित्रपटाच्या नफ्यातून डिस्नेने यंत्रे बनविणारी एक उपकंपनी काढली आणि चित्रपटाच्या नावातील दोन्ही शब्दांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरे जोडून तिचे नामकरण केले. कंपनीचे नाव पुढे यंत्रणेलाही चिकटले. लहान मुलांच्या लाडक्या चित्रपटाचे नाव टक्कर टाळणाऱ्या यंत्राला मिळावे, हा योगायोग मला नेहमी थोडा विचित्र वाटत आला आहे.

करमणूकनगरीतील मोनोरेलला आपण खेळणे समजतो. तिच्या जन्मदात्यांनी तिला तसे कधीच समजले नव्हते. अॅक्सेल वेनर-ग्रेन या स्वीडिश उद्योगपतीने जर्मनीत कोलोनजवळ प्रायोगिक मार्ग उभारून हे तंत्र विकसित केले. ‘अल्वेग’ हे त्याचे नाव संस्थापकाच्याच नावाच्या आद्याक्षरांतून घडले आहे. शहरांतील गर्दीवरचा उपाय म्हणून ते जगापुढे मांडले गेले. वॉल्ट डिस्ने यांनी तो प्रयोग पाहिला आणि १४ जून १९५९ रोजी कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ही गाडी सुरू झाली. उद्घाटनाला उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन सहकुटुंब उपस्थित होते. गाडीचे रेखाटन करणारे बॉब गर एक किस्सा नेहमी सांगत : डिस्ने यांनी निक्सन कुटुंबाला आत बसविले, गाडी निघाली आणि सुरक्षारक्षक फलाटावरच राहिले. किस्सा हसण्यासारखा आहे. पण त्या काळी ‘गाडी कधी सोडायची’ हे किती सहजपणे एका माणसाच्या लहरीवर ठरत असे, हेही त्यातून कळते.

फ्लोरिडातील नगरी १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडली, ती मोनोरेलसहच. १९८२ मध्ये एपकॉटपर्यंतचा फाटा जोडला गेला. आज तिन्ही मार्ग मिळून सुमारे २४ किलोमीटर तुळई आहे. गाड्यांना क्रमांकांऐवजी रंगांची नावे : लाल, निळी, सोनेरी, गुलाबी, जांभळी. शेवटच्या दोन लक्षात ठेवा.

आता थोडे यंत्रशास्त्र, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

घोड्यावर खोगीर बसावे तशी ही गाडी काँक्रीटच्या तुळईवर बसते. तुळईची रुंदी जेमतेम ६६ सेंटिमीटर. वरची रबरी चाके भार वाहतात, दोन्ही बाजूंची चाके तोल सांभाळतात, आणि तुळईच्या अंगाने गेलेल्या पट्टीतून ६०० व्होल्टचा वीजप्रवाह मिळतो. या रचनेतून दोन अडचणी जन्मतात. पहिली : गाडी मध्येच थांबली तर उतरायला जागा नाही. रेल्वेत प्रवासी निदान खडीवर उडी मारू शकतो. येथे खाली पोकळी आहे. दुसरी अडचण सांध्याची. साध्या रेल्वेत सांधा बदलताना रुळाची अणकुचीदार जीभ काही इंच सरकते. मोनोरेलमध्ये तुळईचा अख्खा तुकडा हलवावा लागतो आणि त्यासाठी त्या भागातील वीज आधी बंद करावी लागते, नंतर पुन्हा सुरू करावी लागते. हे काम कारशेडमधला माणूस करतो, ज्या गाडीसाठी ते करायचे तिच्यापासून दूर बसून.

पहिल्या अडचणीने आपले रूप २६ जून १९८५ रोजी दाखविले. एपकॉटहून परतणाऱ्या चंदेरी गाडीचा शेवटचा डबा पेटला. अग्निशमन दलाच्या तपासात कारण निघाले ते इतके क्षुल्लक की वाचताना विश्वास बसत नाही : एक चाक पंक्चर झाले होते. हवा गेलेला टायर काँक्रीटवर घासत राहिला आणि घर्षणाच्या उष्णतेने पेटला. प्रवाशांनी खिडक्या फोडल्या, डब्याच्या बाहेरून चढून छत गाठले आणि अग्निशमन दल येईपर्यंत तेथेच थांबले. धूर आणि किरकोळ जखमांमुळे सात जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या पिढीच्या गाड्यांमध्ये आगीची सूचना देणारी यंत्रणा नव्हती, आपत्कालीन दारे नव्हती, सुटकेची आखलेली पद्धतही नव्हती. हे सारे त्यानंतर आले. १९८९ पासून धावू लागलेल्या ‘मार्क सहा’ या नव्या गाड्या म्हणजे एका परीने त्या पंक्चर चाकाचे उत्तर होते.

आणि टकरी? १९७४ मध्ये निळी गाडी लाल गाडीवर आदळली होती, तीन जण जखमी झाले. मॅपो यंत्रणेचे काम अशा टकरी टाळणे. तुळईचे भाग पाडलेले असतात. दोन गाड्यांमधील मोकळे भाग कमी होऊ लागले की चालकासमोरचा हिरवा दिवा पिवळा होतो. आणखी कमी झाले की तांबडा होतो आणि गाडी स्वतःहून थांबते. १९९१ मध्ये जाहिरातीच्या चित्रीकरणासाठी देखभालीचे डिझेल वाहन गाडीच्या अगदी पुढे चालविले जात असताना टक्कर झाली आणि दोन कर्मचारी जखमी झाले. हा अपघात लहानच. पण तो झाला तो नेहमीच्या वाहतुकीबाहेरच्या कामात, हे नोंदवून ठेवावे.

५ जुलै २००९. स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी संपून काही तास झाले होते, पहाटेचे दोन वाजत होते. दिवस संपला की एपकॉट मार्गावरच्या गाड्यांना कारशेडमध्ये परतायचे असते. त्यासाठी गाडी सांध्याच्या पुढे नेऊन थांबवायची, सांधा बदलायचा आणि गाडी उलटी चालवून दुसऱ्या मार्गावर घ्यायची, असा शिरस्ता होता. गुलाबी गाडी सांध्यापलीकडे जाऊन थांबली. सांधा बदलला गेल्याचे रेडिओवर समजले, मागे येण्याची परवानगी मिळाली. प्रत्यक्षात तुळई हललीच नव्हती. गुलाबी गाडी दुसऱ्या मार्गाला लागण्याऐवजी आली त्याच वाटेने मागे सरकत स्थानकात शिरली. तेथे जांभळी गाडी उभी होती. तिचा २१ वर्षांचा चालक जागीच ठार झाला. ३८ वर्षांच्या इतिहासातील या मोनोरेलवरचा हा पहिला मृत्यू.

मॅपोने गुलाबी गाडीला का थांबविले नाही? कारण उलट दिशेने जाताना यंत्रणा विरोध करते, म्हणून चालकाने तिला बाजूला सारण्याचे बटन वापरायचे, ही नेहमीची रीत होती. बटन चुकून दाबले गेले नव्हते. कामाचा तो भागच होता, आणि रोज रात्री होता.

मी हा चौकशी अहवाल प्रथम वाचला तेव्हा मृत चालकाच्याच वयाची होते. इतिहासाच्या वर्गात आम्हांला दप्तरे वाचायला शिकवतात. अपघाताचा अहवाल हेही एक दप्तरच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ‘संभाव्य कारण’ या मथळ्याखाली दोन माणसे येतात : सांधा योग्य जागी न आणणारा कारशेडमधील कर्मचारी आणि सांध्याची खात्री न करता उलट येण्याची परवानगी देणारा व्यवस्थापक. हा व्यवस्थापक त्या रात्री आजारी पडून घरी गेलेल्या समन्वयकाच्या जागी काम पाहत होता, आणि अपघाताच्या वेळी नगरीच्या बाहेर, एका उपाहारगृहात होता. वाहतूक तो रेडिओवरून हाकत होता. वृत्तपत्रांनी अर्थातच हा तपशील उचलून धरला.

परंतु अहवालातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य त्यानंतरचे आहे. उलट दिशेने गाडी नेण्यासाठी प्रमाणित लेखी कार्यपद्धतीच नव्हती आणि त्यामुळे असुरक्षित प्रथा रुळल्या, असे मंडळाने नोंदविले. वाहतूक चालू असतानाच्या प्रत्येक मिनिटासाठी दिवे, अंतरे, नियम होते. वाहतूक संपल्यानंतरच्या तासासाठी सवय होती. यंत्र झोपी गेल्यावर जो वेळ उरतो तो सांभाळायला थकलेली माणसे होती, एक रेडिओ होता आणि एक बटन होते. चालक ६२ मीटर लांबीच्या गाडीच्या पुढच्या टोकाला बसून तिला मागे नेत होता. आपण कोणत्या स्थानकात शिरतो आहोत हे त्याला वेळेत उमगले नाही. मला व्यक्तिशः त्याला दोष द्यावासा वाटत नाही.

या सगळ्याची तपासणी कोणी करायची, हाही प्रश्न आहेच. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे एक हजाराहून अधिक कर्मचारी आणि स्वतःचे तपासनीस असलेल्या मोठ्या करमणूकनगऱ्यांना राज्याच्या नियमित तपासणीतून सूट मिळते. कामगार सुरक्षा विभागाने या अपघातानंतर ४४,००० डॉलरचा दंड प्रस्तावित केला. डिस्नेच्या उलाढालीपुढे हा आकडा काय, याचा हिशेब वाचकांनीच मांडावा.

नियम मात्र बदलले. उलट जाताना चालकाने जायच्या दिशेकडील कक्षात जाऊन बसायचे. पुढच्या कक्षात चालकाशेजारी बसण्याची पाहुण्यांची लाडकी सवलत बंद झाली. पुढील दशकात टप्प्याटप्प्याने स्वयंचलन आले. गाडीचा वेग आणि थांबणे संगणकाकडे गेले. तरीही चालक कक्षातून गेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये एक गाडी उघड्या दारासह धावत असल्याची चित्रफीत जगभर पसरली. तुळईवरील अंतर अचूक राखणारा संगणक त्या दाराला थोपवू शकला नाही, आणि गाड्या तोवर जवळपास तीस वर्षांच्या होत आल्या होत्या.

पूर्ण चालकविरहित मोनोरेलचाही अनुभव जमेस धरू. डिस्नेच्या मार्क सहाच्याच कुळातील गाड्या लास वेगासमध्ये जुलै २००४ पासून चालकाविना धावू लागल्या. सप्टेंबरमध्ये गाडीचे सुटे भाग खाली पडले, आणि २४ डिसेंबरपर्यंत सेवा बंद ठेवावी लागली. पुढच्या गाडीपासून किती दूर राहायचे हे संगणक जाणतो. कोणती जोडणी सैल झाली आहे, हे कोणीतरी हात लावून पाहावेच लागते. टोकियोच्या डिस्ने रिसॉर्टभोवती २००१ पासून धावणारी मोनोरेलही चालकाविना चालते, मात्र गाडीत एक कर्मचारी असतो. जपानमध्ये तिला रेल्वेचा कायदा लागू आहे, म्हणूनच मिकीच्या आकाराच्या खिडक्यांतून बाहेर पाहण्यासाठी प्रवाशांना तिकीट काढावे लागते. खेळणे की वाहन, हा प्रश्न तेथे कायद्यानेच सोडविला आहे.

मुंबईकर वाचक येथवर गप्प बसले असतील असे वाटत नाही. तुळईवर बसणाऱ्या गाड्यांचेच हे घराणे १ फेब्रुवारी २०१४ रोजी वडाळा-चेंबूर मार्गाने आपल्याकडे आले, आणि येथे ते करमणुकीसाठी नव्हते. ९ नोव्हेंबर २०१७ च्या पहाटे म्हैसूर कॉलनी स्थानकात रिकाम्या गाडीचे डबे जळाले. सेवा पुन्हा सुरू व्हायला १ सप्टेंबर २०१८ उजाडला. १९ ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात लोकल ठप्प झाल्यावर लोक मोनोरेलकडे वळले. सुमारे १०४ टन भाराच्या गाडीवर १०९ टनांच्या आसपास भार आला, वीजपट्टीशी असलेला संपर्क तुटला आणि गाडी म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्क दरम्यान अडकली. वीज नाही, हवा नाही, खाली उतरायला वाट नाही. साडेपाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्यांवरून उतरविले. गुदमरलेल्या लोकांनी काचा फोडल्याच्या बातम्या वाचताना मला १९८५ सालची ती चंदेरी गाडी आठवत होती. पुढच्याच महिन्यात नवी सिग्नल यंत्रणा आणि नव्या गाड्यांसाठी ही सेवा थांबविण्यात आली.

फ्लोरिडात अपघातानंतर गुलाबी आणि जांभळी, दोन्ही गाड्या सेवेतून गेल्या. त्यांचे शाबूत डबे आणि भाग जोडून एक नवी गाडी तयार करण्यात आली आणि तिला हिरवट निळा रंग देण्यात आला. जुने दोन्ही रंग त्या तुळईवर पुन्हा दिसले नाहीत.