अर्ध्या आण्यासाठी वीस वर्षे

राज्य शासनाचे ग्रंथालय पुरस्कार जाहीर झाले, की डॉ. एस. आर. रंगनाथन हे नाव वृत्तपत्रांतून एक दिवस झळकते. उत्कृष्ट ग्रंथालयांचा पुरस्कार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने दिला जातो. तर ग्रंथालय चळवळीतील कार्यकर्ते आणि सेवक यांच्यासाठीच्या पुरस्काराला रंगनाथन यांचे नाव आहे. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन ‘ग्रंथपाल दिन’ म्हणून साजरा होतो. यापलीकडे सर्वसामान्य वाचकाला ते ‘भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक’ या बिरुदापुरतेच ठाऊक असतात. त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती आणि पंचसूत्री अभ्यासक्रमात शिकवली जाते. मात्र या गणितज्ञाने आयुष्याची सतरा वर्षे एका संघटनेचे चिटणीसपद सांभाळण्यात घालवली, आणि ग्रंथालयांसाठी जनतेने थोडा कर द्यावा ही न रुचणारी गोष्ट समाजाच्या गळी उतरवण्यासाठी जिवाचे रान केले, हा भाग सहसा सांगितला जात नाही. ग्रंथालयांच्या आजच्या अवस्थेचा विचार करताना नेमका तोच भाग उपयोगाचा आहे.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात ते गणित शिकवीत. मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले, तेव्हा त्यासाठी सुमारे नऊशे अर्ज आले. ग्रंथालयशास्त्राचे रीतसर ज्ञान त्यांपैकी जवळजवळ कोणालाच नव्हते. रंगनाथन यांचे या विषयातील एकूण भांडवल म्हणजे मुलाखतीपूर्वी वाचलेला विश्वकोशातील एक लेख! जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि काही आठवड्यांतच कंटाळले. विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गातून ते अशा दालनात आले होते, जेथे दिवसभर कोणी फिरकत नसे. आपल्याला पुन्हा अध्यापनाकडे जाऊ द्यावे, अशी विनंती त्यांनी केली. विद्यापीठाने तोड काढली ती अशी : आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयांचे शिक्षण घ्यावे, त्यानंतरही मन रमले नाही, तर महाविद्यालयात परत यावे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी महाविद्यालयात त्यांनी पाठ घेतले खरे. पण त्यांचे डोळे उघडले ते बाहेर. क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख बर्विक सेयर्स हे त्यांचे गुरू. त्यांच्या सांगण्यावरून रंगनाथन गावोगावची ग्रंथालये पाहत हिंडले. कामगार, गृहिणी, शाळकरी मुले अशी सर्व थरांतील माणसे तेथे हक्काने येत होती. हा हक्क दयाबुद्धीने दिलेला नव्हता. इंग्लंडमध्ये १८५० सालापासून ग्रंथालयांचा कायदा होता आणि स्थानिक कराच्या पैशावर ती ग्रंथालये चालत होती. वाचनाची आवड आधी आणि ग्रंथालय नंतर, असा आपल्याकडचा समज आहे. इंग्लंडमध्ये त्यांना क्रम उलटा दिसला. १९२५ मध्ये ते परतले, तेव्हा अध्यापनाकडे जाण्याचा विषय संपला होता.

प्रथम त्यांनी आपले घर आवरले. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील बंद कपाटे वाचकांना खुली केली, वेळ वाढवली, ग्रंथ मागणाऱ्याला तो शोधून देणे हे सेवकांचे कर्तव्य ठरवले. आजच्या भाषेत याला ‘मार्केटिंग’ म्हणतात. रंगनाथन यांनी तो शब्द वापरला नाही. मात्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देणे ही ग्रंथपालाची जबाबदारी आहे, असे त्यांचे तिसरे सूत्र सांगते. वाचक येईल तेव्हा येईल, अशी वाट पाहत बसणे त्यांना मान्य नव्हते. नव्या पुस्तकांची मांडणी दर्शनी भागात करणे, एका पुस्तकात दडलेल्या अनेक विषयांच्या स्वतंत्र नोंदी करणे, नव्या वाचकाला हाताशी धरून कपाटापर्यंत नेणे या सगळ्याला त्यांच्या लेखी शास्त्राचे स्थान होते. १९२९ मध्ये त्यांचा विवाह झाला, त्या दिवशीही ते कामावर हजर झाले, असे सांगतात. हा किस्सा कौतुकाने सांगितला जातो. शारदाबाईंना काय वाटले असेल, हे मात्र कोणी विचारत नाही.

एका विद्यापीठाचे ग्रंथालय सुधारून प्रांतातील खेड्याला काय मिळणार, हा प्रश्न उरलाच होता. डिसेंबर १९२७ मध्ये मद्रासला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्याच सुमारास तेथे अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषदही झाली. त्या वातावरणाचा लाभ घेऊन जानेवारी १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली आणि रंगनाथन चिटणीस झाले. अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. पदाचे तेज दुसऱ्याकडे आणि पत्रव्यवहार, हिशेब, दौरे, छपाई आपल्याकडे, अशी ही वाटणी होती. संस्था चालवलेल्या कोणालाही ठाऊक असते, की खरी सत्ता या दुसऱ्या बाजूलाच असते!

संघाने पहिल्या काही वर्षांत जे केले, त्यात एक सूत्र दिसते. कायदा मागायचा, तर आधी तो मागणारे लोक हवेत; आणि कायदा मिळालाच, तर तो राबवणारी प्रशिक्षित माणसे हवीत. म्हणून १९२९ मध्ये संघाने ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. पुढे १९३१ मध्ये विद्यापीठाने तो आपल्याकडे घेतला. व्याख्याने झाली, पुस्तिका निघाल्या. १९३१ मध्येच संघाने रंगनाथन यांचा पंचसूत्रीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथाकडे आज शास्त्रग्रंथ म्हणून पाहिले जाते, आणि तो तसा आहेच. परंतु तो वाचताना जाणवते, की हा मूलतः एक युक्तिवाद आहे. ग्रंथ हे जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, एवढे एकदा मान्य केले, की ग्रंथालय गावाच्या मध्यभागी हवे, ते लोकांच्या सोयीच्या वेळी उघडे हवे, तेथील आसने बसण्याजोगी हवीत आणि ग्रंथपालाला पोटापुरता पगार हवा, हे सारे ओघानेच मान्य करावे लागते. दुसऱ्या सूत्रात ते थेट शासनाच्या कर्तव्यापर्यंत येतात. ग्रंथ सर्वांसाठी असतील, तर त्यांचा खर्चही सर्वांनी उचलला पाहिजे. सिद्धान्त मांडणारा प्रमेय सिद्ध करावे तशा पायऱ्या चढत जातो आणि वाचकाला न कळत करापाशी आणून सोडतो.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९३१ मध्ये, तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे ग्रंथांनी भरलेली एक बैलगाडी खेड्यांच्या वाटेला लागली. ही गाडी कनकसभै पिळ्ळै या अभियंत्याच्या प्रयत्नांतून साकारली होती. रस्ते कच्चे, मोटार परवडणारी नाही. पण बैल प्रत्येक गावात आहेत, हा त्यामागील साधा हिशेब. फिरत्या ग्रंथालयाचा हा प्रयोग आकाराने लहान होता. तथापि, ‘खेड्यातील लोक वाचत नाहीत’ या सरकारी आक्षेपाला हजार भाषणांनी जे उत्तर मिळाले नसते, ते त्या गाडीने दिले.

कायद्याचा मार्ग मात्र खडतर निघाला. डिसेंबर १९३० मध्ये बनारस येथे भरलेल्या अखिल आशियाई शिक्षण परिषदेत रंगनाथन यांनी ग्रंथालय कायद्याचा आदर्श मसुदा मांडला. बंगालमध्ये कुमार मुनींद्र देब राय यांनी, तर मद्रासमध्ये बशीर अहमद सईद यांनी १९३३ मध्ये विधेयकासाठी प्रयत्न केले. दोन्हीकडे अडसर एकच होता. ग्रंथालये काढा, असे म्हणण्यास कोणाची हरकत नव्हती. त्यासाठी कर सक्तीचा करा, म्हटले की सरकार मागे सरके. मद्रासचे विधेयक कायद्यापर्यंत पोहोचलेच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हा विषय आणखी मागे पडला. १९४५ मध्ये रंगनाथन मद्रास सोडून बनारस हिंदू विद्यापीठात गेले, तेव्हा सतरा वर्षांच्या चिटणीसपदाच्या पदरी कायदा पडलेला नव्हता.

फळ मिळाले ते त्यानंतर. १९४६ मध्ये टी. एस. अविनाशलिंगम चेट्टियार मद्रासचे शिक्षणमंत्री झाले. त्यांना या विषयाची आस्था होती आणि संघाने घासूनपुसून तयार ठेवलेला मसुदा हाताशी होता. राजकीय अनुकूलता दोन-चार वर्षेच टिकते. त्या वेळी कागद तयार नसतील, तर ती संधी जाते. मद्रास सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला. स्वतंत्र भारतातील हा पहिला ग्रंथालय कायदा. मालमत्ता कराच्या प्रत्येक रुपयामागे सहा पै, म्हणजे अर्धा आणा, एवढा ग्रंथालय उपकर त्यात ठेवण्यात आला. ज्याला वर्षाला बत्तीस रुपये घरपट्टी, त्याने एक रुपया ग्रंथालयासाठी द्यायचा. शिवाय मद्रास शहर वगळता अन्यत्र जेवढा उपकर जमेल, निदान तेवढीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालायची. अर्ध्या आण्याच्या या तरतुदीसाठी वीस वर्षे गेली होती.

रंगनाथन यांना हवे होते ते सगळे या कायद्यात आले नाही. ग्रंथालयांसाठी स्वतंत्र संचालक त्यांना अभिप्रेत होता. प्रत्यक्षात हे काम शिक्षण खात्याच्या संचालकाकडेच जोडले गेले आणि स्वतंत्र संचालनालयासाठी तमिळनाडूला १९७२ पर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेंगळुरूला रंगनाथन यांचे निधन झाले. त्यांच्या नेतृत्वाची एक मर्यादाही येथे नोंदवायला हवी. मद्रास संघाचे चिटणीसपद, १९४४ ते १९५३ या काळात भारतीय ग्रंथालय संघाचे अध्यक्षपद, निरनिराळ्या राज्यांसाठी कायद्याचे मसुदे असा सारा भार एका व्यक्तीवर होता. कर्नाटकचा १९६५ चा कायदाही त्यांच्याच विचारांवर उभा आहे. अशा माणसाच्या सावलीत दुसरी फळी वाढणे कठीण असते.

कायदा झाला म्हणजे पाठपुरावा संपतो, असेही नाही. चेन्नईतील कोट्टूरपुरम येथे २०१० मध्ये अण्णा शताब्दी ग्रंथालयाची भव्य वास्तू उभी राहिली. पुढल्याच वर्षी सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने तेथे मुलांचे रुग्णालय करण्याचा निर्णय घेतला. वाचक व नागरिक उच्च न्यायालयात गेले, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि ग्रंथालय वाचले. १९३१ ची ती बैलगाडी नसती, तर ग्रंथालयासाठी न्यायालयाची पायरी चढणारा वाचकवर्ग तेथे असता का, याविषयी मला शंका आहे.

आता आपल्याकडे वळू. मद्रासच्याही आधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला होता. आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवरील ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात मद्रासचा अर्धा आणा नाही. रत्नागिरी, ठाणे, मुंबई येथे एकोणिसाव्या शतकापासून लोकांनी वर्गणी काढून ग्रंथालये उभारली होती. त्या संस्थांना मान्यता द्यावी, अ, ब, क, ड असे वर्ग पाडावेत आणि अनुदान द्यावे, हा मार्ग महाराष्ट्राने पत्करला. या मार्गाने लोकांचा पुढाकार टिकला, ग्रंथालयांची संख्या बारा हजारांच्या घरात गेली, आणि ग्रंथालय हे सरकारी कार्यालय झाले नाही, हा मोठाच लाभ आहे. त्याचे मोलही चुकवावे लागते. उपकर घरपट्टीबरोबर आपोआप वाढतो. अनुदान वाढवून मागावे लागते. २०१२ नंतरची अनुदानवाढ होण्यास २०२२ साल उजाडले. मधल्या दशकात पुस्तकांच्या किमती, वीजबिले आणि महागाई कोणासाठी थांबली नव्हती. तालुक्याच्या गावी तुटपुंज्या वेतनावर काम करणाऱ्या ग्रंथपालांनी निवेदने दिली, मोर्चे काढले. त्या गर्दीत वाचक किती होते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

१९६७ च्या मूळ अधिनियमात शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी घालावयाची किमान रक्कम पंचवीस लाख रुपये ठरवली होती. प्रत्यक्ष अनुदान आज याच्या कितीतरी पट आहे. पण तो अर्थसंकल्पाचा निर्णय असतो. तो किमान आकडा बारा हजार ग्रंथालयांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला सुमारे दोनशे आठ रुपये येतात.