पोचपावतीचा इतिहास : लिनक्समधील पेज-लेखन आणि त्रुटींची नोंद

प्रस्तावना :
संगणकशास्त्राचा इतिहास हा बहुधा वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु या वेगासाठी विश्वासार्हतेच्या रूपाने कोणती किंमत मोजावी लागली, याचा विचार क्वचितच होतो. 'माहिती लिहिली गेली' असे संगणक सांगतो, तेव्हा त्या विधानाचा नेमका अर्थ काय, या प्रश्नाचा लिनक्स कार्यप्रणालीच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
१९७० च्या दशकातील युनिक्समध्ये 'राइट' ही आज्ञा यशस्वी झाली म्हणजे मजकूर डिस्कवर पोहोचला, असे नव्हते. तो केवळ कर्नलच्या ताब्यातील स्मृतीत उतरलेला असे. व्यापारी जसा व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपतो व सवडीने पक्क्या वहीत उतरवतो, तशीच ही व्यवस्था होती. तातडीने पक्की नोंद हवी असणाऱ्यांसाठी १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या आवृत्तीत 'एफसिंक' ही आज्ञा आली. तिचे यशस्वी उत्तर म्हणजे एक प्रकारची पोचपावतीच होय. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सनेही हीच परंपरा स्वीकारली. येथे स्मृतीतील मजकूर सामान्यतः ४०९६ बाइटांच्या पेजमध्ये राहतो. बदललेले, पण डिस्कवर न गेलेले पेज 'डर्टी' समजले जाते.

समस्येचे स्वरूप :
लेखनाच्या वेळी डिस्कनेच दगा दिला तर काय? लिनक्स अशा फाइलवर त्रुटीची खूण करीत असे. मात्र न लिहिले गेलेले पेज 'स्वच्छ' मानले जाई. यामागे कारण होते. यूएसबी साधन कोणी उपसून काढले, तर त्याची पेजेस कधीच लिहिली जाणार नाहीत आणि ती स्मृती अडवून बसतील. परंतु प्रथम एफसिंक करणाऱ्यास त्रुटी कळताच ती खूण पुसली जाई. त्यानंतर विचारणाऱ्या दुसऱ्या प्रक्रियेस 'सर्व ठीक' असेच उत्तर मिळे. जेफ लेटन यांच्या कामामुळे २०१७ च्या ४.१३ आवृत्तीत हा दोष दूर झाला. त्रुटीला क्रमांक देण्यात आला आणि फाइल ज्यांनी आधीच उघडलेली आहे त्या प्रत्येकास ती स्वतंत्रपणे कळू लागली.

२०१८ चा प्रसंग :
मार्च २०१८ मध्ये पोस्टग्रेस-क्यूएल या डेटाबेसच्या विकासकांपुढे एक गंभीर बाब आली. एफसिंक अयशस्वी झाल्यास पुन्हा प्रयत्न करावा, असे त्यांचे गृहीतक होते. पेज आधीच स्वच्छ ठरल्याने दुसरा प्रयत्न यशस्वी होई. त्या भरवशावर डेटाबेस, ज्या पूर्वनोंदींतून मजकूर पुन्हा उभा करता आला असता, त्यांनाच निकालात काढीत असे. शिवाय त्रुटी घडल्यानंतर फाइल उघडणाऱ्यास ती कळतच नसे. कोणीच न पाहिलेली त्रुटी अशा उशिरा येणाऱ्यासही एकदा कळवावी, ही दुरुस्ती ४.१७ आवृत्तीत झाली. पोस्टग्रेस-क्यूएलने फेब्रुवारी २०१९ मधील आवृत्त्यांपासून, एफसिंक फसल्यास डेटाबेस तात्काळ थांबवून पूर्वनोंदींतून मजकूर सावरण्याचे धोरण स्वीकारले. तथापि प्रश्न संपला नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये रेडिस व एसक्यूलाइट यांच्यासह पाच प्रणाली तपासल्या. त्यांपैकी एकाचीही उपाययोजना पुरेशी आढळली नाही.

निष्कर्ष :
या इतिहासात कर्नल आणि डेटाबेस हे दोघेही आपापल्या जागी तर्कशुद्ध वागत होते. उणीव होती ती दोहोंमधील कराराच्या स्पष्टतेत. डिस्क बिघडणे अटळ आहे; परंतु बिघाडाची वार्ता योग्य व्यक्तीपर्यंत न पोहोचणे, ही मानवी रचनेतील त्रुटी आहे. परीक्षेचे गुण, जमिनीचे उतारे व बँकेची खाती आज अशाच पेजेसवर विसंबून आहेत. म्हणूनच पोचपावतीवर विश्वास ठेवण्यापूर्वी ती कशाची पावती आहे, हे विचारणे केवळ तंत्रज्ञांचे नव्हे, तर नोंदी जपणाऱ्या प्रत्येक संस्थेचे कर्तव्य ठरते.