बोटीवर घ्यायला कोण आलं होतं?

मागच्या मंगळवारी आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईनं कर्जाचा अर्ज ठेवला. पोरीला नर्सिंगसाठी नागपूरला पाठवायचं आहे. फी, पुस्तकं, खोलीचं भाडं, डबा, सगळा हिशेब तिनं चोख मांडला होता. मी विचारलं, "पहिल्या दिवशी बसस्टँडवर पोरीला घ्यायला कोण येणार?" साऱ्याजणी हसल्या. "एवढी मोठी पोरगी, जाईल की ऑटो करून!"

मला मात्र हसू आलं नाही. घरी आल्यावर आनंदीबाई जोशींचं चरित्र पुन्हा काढून वाचलं. आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे. डॉक्टर झालेल्या पहिल्या भारतीय बायांपैकी एक म्हणून त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मला सांगायचा आहे तो त्यांचा अमेरिकेतला पहिला दिवस, 4 जून 1883.

त्या दिवशी आनंदीबाई न्यूयॉर्कला बोटीतून उतरल्या, तेव्हा त्यांना अठरा वर्षं आणि दोन महिने झाले होते. आपल्या बारावीच्या पोरींएवढं वय. तरी मी त्यांना 'त्या'च म्हणेन. कल्याणच्या घरातली ही मुलगी, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला आणि वयानं बराच मोठा. त्यांनीच हट्टानं बायकोला शिकवलं, आणि त्याच हट्टापायी तिच्यावर हातही उचलला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एक सांगून दुसरी लपवू नये. चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसच जगलं. वेळेवर औषधपाणी मिळालं नाही. बायांसाठी बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनानं तिथूनच घेतलं.

आता अमेरिकेत त्यांच्या ओळखीचं कोण असणार? ही गोष्ट मला फार आवडते. गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या एका मिशनऱ्याला पत्र लिहून, बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत करा, असं कळवलं. ख्रिस्ती व्हाल तर बघू, असं उत्तर आलं. हे दोघं त्याला तयार नव्हते. पण तो पत्रव्यवहार वाइल्डरनं आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथं पडलेलं ते मासिक त्यांनी सहज चाळलं आणि कधी न पाहिलेल्या या मुलीला पत्र लिहिलं.

पुढं तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. तेव्हा टपाल बोटीनं जायचं, एका उत्तरासाठी महिने लागायचे. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कलकत्त्यात असताना त्यांची तब्येत ढासळली, तर या मावशीनं तिकडून औषधं पाठवली. आपल्या गटात शेजारच्या गल्लीतल्या बाईची चौकशी करायला आपण विसरतो कधी कधी!

निघायच्या आधी, 24 फेब्रुवारी 1883 ला, आनंदीबाईंनी कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला कॉलेजच्या सभागृहात भाषण केलं. बाई एकटी समुद्रापार चालली म्हणून लोक टोमणे मारत, रस्त्यात टक लावून बघत. त्यांनी भर सभेत एकेका आक्षेपाला उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन आणि इथल्या बायांची सेवा करीन, असं सांगितलं. तिकिटासाठी दागिने विकले. मग 7 एप्रिलला 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीत बसल्या. गोपाळराव इथंच राहिले. इंग्लंडमार्गे अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास. शाकाहारी बाईला बोटीवर पोटभर खायचीही पंचाईत. सोबतीला मिशनच्या बाया होत्या, पण धर्म बदल म्हणून त्यांचाच तगादा.

असे दिवस काढून त्या धक्क्यावर उतरल्या, आणि समोर कार्पेंटर मावशी उभ्या. दोघींची ही पहिलीच भेट! मावशी त्यांना थेट आपल्या घरी, रोझेलला घेऊन गेल्या. कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता, तो सारा उन्हाळा आनंदीबाई त्या घरात राहिल्या. नऊवारीत पोटऱ्या दिसतात, तिकडे ते चालत नाही, म्हणून गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. साडी मात्र सोडली नाही, की मांसाहार केला नाही. शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या बायांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं.

मी हे एवढं घोळवून का सांगते? वीस वर्षांपूर्वी मीही नर्सिंगसाठीच दारव्ह्याहून निघाले होते. आईनं पत्र्याची पेटी भरून दिली, वर भाकर-ठेचा बांधून दिला. शहरात एक नातलग घ्यायला येणार होते. ते आले नाहीत. मोबाइल नव्हता. दुपारपासून दिवे लागेपर्यंत मी बसस्टँडच्या बाकड्यावर पेटीवर पाय ठेवून बसले. दोन माणसं येऊन कुठं जायचं विचारून गेली, आणि मी घाबरले. रात्र तिथंच काढली, पहाटेच्या एसटीनं परत आले. पुन्हा गेलेच नाही. तालुक्याला बी.ए. केलं. बी.ए.बद्दल तक्रार नाही, त्याच्याच जोरावर आज तुमच्यापुढं बोलते आहे. पण पोरीची हिंमत मोजताना तिच्या पहिल्या संध्याकाळचा हिशेब कुणी धरत नाही, हे मी अंगावर भोगलं आहे.

त्या बैठकीत कर्ज मंजूर झालं. सोबत दुसरा ठराव लिहिला: गटातल्या एकीची बहीण नागपुरात असते, ती पोरीला बसस्टँडवर घ्यायला येईल आणि पहिले आठ दिवस आपल्या घरी ठेवील. तिचा फोन नंबर वहीत लिहून घेतला.

आनंदीबाई 11 मार्च 1886 ला डॉक्टर झाल्या. तिथल्या थंडीनं आणि आबाळीनं तब्येत पार खालावली होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायांच्या विभागावर नेमणूक झाली, पण क्षयानं तिथं कामाला लागूच दिलं नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या, बाविसाव्या वर्षाच्या आत. गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेला पाठवली. कार्पेंटर मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथं, आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवली. तिथं दगडावर आनंदीबाईंचं नाव आहे.