पायदान क्रमांक एक

'पायदान' हा शब्द आम्ही शाळेत शिकलो नाही. तो आम्हाला अमीन सायानींनी शिकवला. बुधवारी रात्री मोहल्ल्यात ज्यांच्याकडे रेडिओ असे त्यांच्या ओट्यावर आम्ही पोरं जमत असू. 'बिनाका गीतमाले'तलं कोणतं गाणं एक पायदान चढलं आणि कोणतं उतरलं, यावर दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर भांडणं होत. आमच्या मामूंना आम्ही एकदा विचारलं, "मामू, हे नंबर ठरवतं कोण?" मामू म्हणाले, "रेकॉर्ड विकणारा दुकानदार आणि पत्रं लिहिणारे रिकामटेकडे. वाजवणाऱ्याला कोण विचारतो!"

हा जबाब आम्हाला कितीतरी वर्षांनी आठवला. २००० सालच्या नोव्हेंबरात बीटल्स या इंग्रज मंडळाच्या गाण्यांची एक सीडी निघाली. तांबड्या मुखपृष्ठावर पिवळा '१', आणि सीडीचं नावही तेवढंच. ब्रिटन किंवा अमेरिका यांच्या यादीत पहिल्या नंबरावर पोचलेली २७ गाणी तीत एकत्र केली होती. मंडळ १९७० साली मोडलं होतं. जॉन लेननचा १९८० साली न्यूयॉर्कमध्ये खून झाला होता. तरी ही सीडी दोन्ही देशांत स्वतःच पहिल्या नंबरावर जाऊन बसली. आमच्या घरी ती पुतण्याने आणली. तो ऐकत होता आणि आम्ही वेष्टनावरची नावं वाचत होतो. तेव्हापासून या गाण्यांच्या मागे लागलो. त्या सत्तावीसही गाण्यांची हकीकत इथे सांगायचा इरादा नाही. नंबर कसा मिळतो आणि त्या नंबराच्या आड कोण राहून जातं, एवढंच सांगायचं आहे.

आधी नंबराविषयी. ब्रिटनमध्ये रेकॉर्डच्या विक्रीची पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकात छापून आली. पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी वीसेक दुकानांना फोन लावले, कोणत्या रेकॉर्डी जास्त खपल्या ते विचारलं आणि बेरीज केली. झाली यादी! पुढच्याच महिन्यात रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली, हा योगायोग आम्हाला मोठा गमतीचा वाटतो. दोन्हीकडे दुकानदारच काझी.

१९६३ च्या सुरुवातीला बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' आलं, तेव्हा विलायतेत अशा अनेक याद्या निघत होत्या. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' आणि 'मेलडी मेकर' यांच्या यादीत ते पहिलं आलं. 'रेकॉर्ड रिटेलर' या व्यापारी पत्राच्या यादीत मात्र ते दुसऱ्यावर राहिलं. पुढे दफ्तर लिहिणाऱ्यांनी साठच्या दशकासाठी याच व्यापारी पत्राची यादी प्रमाण मानली. परिणाम असा, की ज्या गाण्याने हे चार पोरगे विलायतेत अव्वल ठरले, ते गाणं त्या २७ मध्ये नाहीच! यादी सुरू होते ती 'लव्ह मी डू'पासून. ते १९६२ साली घरच्या मुलखात सतराव्या नंबरावर थांबलं होतं, पण १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेत पहिलं आलं. तिकडचा दाखला इकडे चालला.

१९६७ सालचा किस्सा तर आणखी बहारीचा. एका बाजूला 'पेनी लेन' आणि दुसऱ्या बाजूला 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर', दोन्ही लिव्हरपूलच्या आठवणींतून जन्मलेली. जाणकार या तबकडीला बीटल्सच्या उत्तम कामात गणतात. पण ब्रिटनच्या त्या प्रमाण यादीत ती दुसऱ्या नंबरावर अडली, कारण पहिल्या जागेवर एंगलबर्ट हम्परडिंक नावाचा गायक 'रिलीज मी' घेऊन ठाण मांडून बसला होता. या गृहस्थांचं खरं नाव आर्नल्ड जॉर्ज डॉर्सी आणि जन्म आपल्या मद्रासचा. 'पेनी लेन' अमेरिकेत पहिलं आलं म्हणून त्या सीडीत आहे. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' नाही.

आता नंबराच्या आडची माणसं.

४ एप्रिल १९६४ च्या अमेरिकन यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. पहिलं 'कान्ट बाय मी लव्ह', दुसरं 'ट्विस्ट अँड शाउट'. या दुसऱ्या गाण्याशी आम्ही थांबलो. ते बीटल्सचं नव्हे. आयझली ब्रदर्स या काळ्या भावंडांनी ते १९६२ साली गायलं, तेव्हा याच यादीत त्याला पहिल्या दहांतही जागा मिळाली नव्हती. गाणं तेच, पण गोऱ्या तोंडून निघालं तेव्हा दुसऱ्या पायदानावर चढलं. बीटल्सवर चोरीचा आरोप करणं नाइन्साफीचं होईल. चक बेरी, लिटल रिचर्ड यांचं देणं ते जाहीरपणे कबूल करत. ११ सप्टेंबर १९६४ ला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल गावी काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळं बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असं त्यांनी आयोजकांना ठणकावलं आणि सगळे एकत्र बसले. हिशेब चुकवण्याची त्यांची नियत होती. पण यादीला नियत मोजता येत नाही.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' अमेरिकेत सात आठवडे पहिल्या नंबरावर होतं. १८ तारखेला या चौघांना मायामीतल्या एका व्यायामशाळेत नेण्यात आलं. आधी सोनी लिस्टन या मुष्टियोद्ध्याबरोबर फोटो काढायचा बेत होता, त्याने नकार दिला. म्हणून त्याच्याशी लढणाऱ्या बावीस वर्षांच्या कॅशियस क्ले या पोराकडे आणलं. त्या पोराची हार नक्की आहे, असं बहुतेक जाणकार धरून चालले होते. फोटोत तो चौघांना रांगेत उभं करून एकाच ठोशात लोळवतो आहे. आठवड्याने, २५ फेब्रुवारीला, त्याने लिस्टनला हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी आपण मुसलमान असल्याचं जगाला सांगितलं. मार्चमध्ये तो मुहम्मद अली झाला. ज्या 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेत तो गेला तिच्या शिकवणीविषयी आपल्या उलेमांचे गंभीर आक्षेप आहेत, आणि अलीनेही १९७५ मध्ये सुन्नी मार्ग धरला. पण त्या फोटोकडे पाहताना आम्हाला नेहमी वाटतं, की पहिल्या नंबरावर असणं म्हणजे काय, हे त्या खोलीत चौघांपेक्षा त्या पाचव्याला जास्त कळलं असावं. लिस्टनला हरवणारा तो सर्वांना हवा होता. नाव बदलणारा तो पुष्कळांना नको झाला. कितीतरी वर्तमानपत्रं पुढे अनेक वर्षं त्याचं जुनंच नाव छापत राहिली.

या चौघांचं गाव लिव्हरपूल. आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांना हे नाव परकं नाही. आमच्या नात्यातले एक बुजुर्ग बोटीवर खलाशी होते, ते त्याला 'लिवरपूल' म्हणत आणि तिथल्या थंडीचं वर्णन करताना खांद्यावरची चादर घट्ट ओढून घेत. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक याच गावी, १८८९ साली ब्रूम टेरेसमध्ये उघडली. ती उघडणारे अब्दुल्ला क्विलियम हे तिथलेच वकील, मूळचे इंग्रज. बंदरात मरण पावलेल्या परदेशी खलाशांच्या दफनाची व्यवस्थाही ते पाहत. गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं हे बंदर. पेनी लेनला जेम्स पेनी या गुलामांच्या व्यापाऱ्याचं नाव दिलं आहे, असा संशय धरून २०२० साली लोकांनी तिथल्या पाट्यांना रंग फासला होता. त्याला पुरावा नाही, असं तिथल्या गुलामगिरी संग्रहालयाने सांगितलं. नाव निर्दोष ठरलं, बंदराचा इतिहास मात्र आहे तसाच आहे.

या गावात हॅरल्ड फिलिप्स नावाचा त्रिनिदादचा काळा गवई राहत असे. लोक त्याला लॉर्ड वुडबाइन म्हणत. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' बोटीने तो विलायतेत आला. बीटल्सना कोणी विचारत नव्हतं तेव्हा त्याने त्यांना आपल्या क्लबात वाजवायला दिलं, आणि १९६० च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा हॅम्बर्गला निघाले तेव्हा त्या गाडीत तोही होता. हॅम्बर्गच्या रात्रींनीच त्यांना घडवलं, असं सगळे चरित्रकार लिहितात. लॉर्ड वुडबाइनला त्यांतल्या पुष्कळांनी दोन ओळींत उरकलं आहे.

बाहेरून आलेल्या माणसांचा विषय निघाला म्हणून 'गेट बॅक'. १९६९ च्या एप्रिलमध्ये निघालेलं हे गाणं ब्रिटनमध्ये सहा आठवडे आणि अमेरिकेत पाच आठवडे अव्वल होतं. नावाचा अर्थ 'परत जा'. कुणी, कुठे परत जायचं?

एक वर्ष मागे जाऊ. १९६८ च्या सुरुवातीला केनियातले हिंदी-पाकिस्तानी लोक ब्रिटिश पासपोर्ट घेऊन विलायतेत येऊ लागले, तेव्हा सरकारने काही दिवसांत कायदा करून दरवाजा अर्धा लोटला. २० एप्रिलला इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅमला आलेल्या लोकांविरुद्ध विखारी भाषण केलं. पक्षाने त्याला नेतेमंडळातून काढलं, पण लंडनचे गोदी कामगार त्याच्या बाजूने मोर्चा घेऊन पार्लमेंटवर गेले. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्स नव्या गाण्यांची जुळवाजुळव करत होते. सगळं ध्वनिफितीवर आणि कॅमेऱ्यात टिपलं जात होतं, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे की 'गेट बॅक'च्या सुरुवातीच्या काही खर्ड्यांत पाकिस्तानी माणसांचा उल्लेख होता. ते रोजगार घेतात, घरांत गर्दी करून राहतात, या तेव्हाच्या रस्त्यावरच्या बोलण्याची ती नक्कल होती. या फिती १९८० च्या दशकात चोरून बाहेर पडल्या तेव्हा गदारोळ झाला. आपण वंशद्वेषाची टर उडवत होतो, असा खुलासा पॉल मॅकार्टनीने १९८६ साली केला. २०२१ मध्ये पीटर जॅक्सनचा लांबलचक माहितीपट आला, त्यात पॉवेलच्या बातम्यांवर चाललेली चेष्टा दिसते, आणि खुलासा खरा असल्याची आमची खात्री पटली.

खात्री पटूनही एक विचार राहतोच. टर उडवणाऱ्याला टर कळते, पण रस्त्यावरच्या टोळक्याला ती कळत नाही. १९७० साली लंडनच्या ईस्ट एंड भागात रात्री कामावरून परतणाऱ्या एका पूर्व पाकिस्तानी मजुराचा खून झाला. ते 'पाकी' म्हणून माणसं गाठून मारण्याचे दिवस होते. तो खर्डा जसाच्या तसा निघाला असता आणि सहा आठवडे देशभर वाजला असता, तर कोणत्या गल्लीत कोणी कोणाला उद्देशून ते धृपद म्हटलं असतं, याची कल्पना आम्हाला करवत नाही. त्यांनी तो भाग गाळला आणि दोन भलत्याच पात्रांच्या कड्या उरल्या. आमच्या मते हे त्यांचं शहाणपण. मात्र त्यामुळे पहिल्या नंबराच्या गाण्यातून त्या वर्षाचं खरं दुखणंही पुसलं गेलं, हेही खरं.

याच गाण्यावर एक काळा हात वाजतो आहे. बिली प्रेस्टन हा टेक्सासमध्ये जन्मलेला ऑर्गनवादक. १९६२ साली हॅम्बर्गला लिटल रिचर्डच्या साथीला आला तेव्हा सोळा वर्षांचा होता, तिथेच ओळख झाली. १९६९ च्या जानेवारीत तो लंडनला आला, चौघांची आपसात भांडणं चालली असताना त्यांच्यात येऊन बसला, आणि सर्वांचं वागणं सुधारलं, असं जॉर्ज हॅरिसन पुढे सांगत असे. तबकडीवर छापलं गेलं: 'बीटल्स, बिली प्रेस्टनसह'. त्या सत्तावीस गाण्यांत मंडळाबाहेरच्या वादकाला असा मान फक्त इथे मिळाला.

हा मान मुंबईच्या वादकांना मिळाला नाही. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला. 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत त्याला करायचं होतं. फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, खालच्या रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज आत येत असताना, काही दिवस ध्वनिमुद्रण चाललं. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव आशिष खान आणि बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया अशी माणसं त्या कामात होती. काम उरकल्यावर हॅरिसनने त्याच वादकांकडून आणखी एक चाल वाजवून घेतली, लंडनला नेली, आणि फेब्रुवारीत तिच्यावर आवाज चढवला. ते गाणं 'द इनर लाइट'. १५ मार्चला ते 'लेडी मॅडोना'च्या पाठच्या बाजूला निघालं. हॅरिसनचं स्वतःचं गाणं बीटल्सच्या सुट्या तबकडीवर येण्याची ही पहिलीच वेळ.

'लेडी मॅडोना' ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिल्या नंबरावर होतं. ज्याने ज्याने ती तबकडी घेतली, त्याने फोर्टातलं ते वादनही घरी नेलं. पण यादीत पाठच्या बाजूचा नंबर नसतो, आणि लेबलावर वादकांची नावं नव्हती. मामूंचा जबाब आम्हाला आठवला तो इथेच. आमच्या ओळखीत हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत आयुष्य काढलेले सारंगीवाले आणि ढोलकवाले होते. गीतमालेत त्यांचं वाजवणं वर्षानुवर्षं पहिल्या पायदानावर वाजलं, त्यांचं नाव एकदाही नाही. त्यांतल्या एका चाचांना आम्ही याबद्दल छेडलं होतं. ते तपकिरीची डबी बंद करत म्हणाले, "बेटा, आमचं नाव वाजायचं, छापायचं नाही."

२००० सालच्या त्या सीडीत 'लेडी मॅडोना' आहे. 'द इनर लाइट' नाही. मात्र २०१४ साली 'वंडरवॉल म्युझिक'ची नवी आवृत्ती निघाली, तिच्या शेवटी 'द इनर लाइट'ची आवाज चढवण्यापूर्वीची एक प्रत जोडली आहे. पुतण्याने ती शोधून आम्हाला ऐकवली. तीत गाणारा कोणी नाही. फक्त आपल्या मुंबईतले ते वादक वाजवत आहेत.