रक्ताची साक्ष

पावसाळा सरत आला की आमच्या नागपूरकडे तापाचे दिवस सुरू होतात. पोळा आटोपतो, धुऱ्यावरचे गवत कमरेएवढे वाढते, आणि घरोघरी एखादे माणूस पांघरुणात कण्हत पडते. २०१८ च्या पावसाळ्याअखेर शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असे रोगी दाखल झाले, ज्यांच्या तापाचे नाव नागपूरकरांनी क्वचितच ऐकले होते : स्क्रब टायफस. त्यात अनेकजण दगावले.

टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. नावापलीकडे दोघांचे काही नाते नाही. टायफसचे जंतू इतके सूक्ष्म आणि परावलंबी, की दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावाचून त्यांना जगताच येत नाही. कुठे त्यांना उवा वाहून नेतात, कुठे गोचीड, तर स्क्रब टायफसमध्ये गोचिडीच्याच कुळातला, गवतात राहणारा माइट नावाचा किडा. तोही मोठा नव्हे, त्याचे डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असे पिल्लू.

या जंतूंचा माग काढणे सोपे नव्हते. गोचिडीमुळे ताप पसरतो हे अमेरिकेत १९०६ साली हॉवर्ड रिकेट्सने दाखवले आणि १९१० साली मेक्सिकोत तो टायफसनेच गेला. प्रोवाझेक १९१५ साली त्याच वाटेने गेला. उवांच्या टायफसच्या जंतूला आज या दोघांचीही नावे आहेत. आपल्याकडे मेगॉ नावाच्या लष्करी डॉक्टरला कुमाऊंच्या डोंगरात गोचीड चावली आणि ताप भरला. १९१७ साली त्याने त्या आजाराची हकीकत छापली, आणि १९२१ साली हा ताप गोचिडीमुळे येत असावा असे लिहिले. बिछान्यावर पडूनही निरीक्षण चालू ठेवणाऱ्या अशा माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

पण खरी गंमत १९१६ सालची. पहिले महायुद्ध चालू असताना वाइल आणि फेलिक्स या दोघांनी टायफसच्या एका रोग्याच्या लघवीतून प्रोटियस नावाचा जंतू वेगळा केला. टायफसच्या रोग्यांच्या रक्तातला पातळ रस त्यात मिसळला, की जंतूंच्या गुठळ्या होत. कोणालाही वाटेल, गुन्हेगार सापडला! पण प्रोटियस बिचारा निरपराध. त्याच्या अंगावरच्या शर्करेच्या साखळ्या आणि टायफसच्या जंतूच्या साखळ्या तेवढ्या मिळत्याजुळत्या. शत्रूसाठी शरीराने घडवलेली प्रतिद्रव्ये तोच सदरा पाहून भलत्यालाच धरत होती. शरीराची ही चूक वैद्यांच्या मात्र पथ्यावर पडली. टायफसचा जंतू काचेच्या नळीत वाढवता येत नसे. प्रोटियस कुठेही वाढे.

पुढे १९२० नंतरच्या दशकात मलायात आणखी एक योगायोग घडला. किंग्सबरी यांनी इंग्लंडहून नेलेला प्रोटियसचा वाण इतरांसारखाच समजला जात होता. फ्लेचर आणि लेस्लर यांना आढळले, की शहरी टायफसच्या रोग्याचे रक्त त्याला ओळखत नाही, रानातल्या टायफसच्या रोग्याचे मात्र ओळखते. किंग्सबरींच्या नावातला ‘के’ त्या वाणाला चिकटला. ‘ओएक्स-के’ ही अक्षरे आजही तपासणीच्या कागदावर दिसतात, ती अशी.

मात्र ही साक्ष उशिरा मिळते. प्रतिद्रव्ये पुरेशी तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तोवर जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत शिरून बसलेले असतात, आणि भिंतीआड लपलेल्या चोरापर्यंत प्रतिद्रव्यांचा हात पोचत नाही. तिथे टी-पेशी लागतात. त्यांतल्या काही बिघडलेली पेशी ओळखून चोरासकट घर पाडतात. काही इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून पेशीलाच आतून लढायला लावतात. या लढाईत अस्तर झिरपू लागले की फुप्फुसे आणि मेंदू संकटात येतात. १९४८ साली स्मॅडेल यांनी मलायात क्लोरॅम्फेनिकॉल वापरून रोगी बरे केले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली : औषध फार लवकर देऊन थांबवले, तर काहींचा ताप उलटे. औषध जंतूला नुसते रोखून धरत होते. त्याचा निकाल लावायचा तो शरीरानेच.

आता एलायझा ही अधिक नेमकी तपासणी आली आहे, पण तीही बहुधा प्रतिद्रव्येच शोधते. म्हणजे वाट पाहणे आलेच. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ साली नुसत्या लक्षणांना गुण देऊन ठिपक्यांचा ताप लवकर ओळखण्याची पद्धत सुचवली, ती याच अडचणीपोटी. २०१५ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही सांगितले, की संशय येताच डॉक्सिसायक्लिन सुरू करावे, अहवालासाठी थांबू नये.

तोवर डॉक्टर रोग्याचे अंग न्याहाळतात. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली एखादी काळी खपली आहे का, ते पाहतात. विडीचा चटका बसावा तशी दिसते. सर्वांच्या अंगावर ती सापडत नाही. दुखत नाही, खाजतही नाही. म्हणून रोग्याला विचाराल, तर तो ‘काही नाही’ म्हणतो.