शिफारस आणि परीक्षा : मुलकी नोकरीतील निवडीचा प्रश्न

हिंदुस्थानातील मुलकी नोकरीच्या इतिहासात १८५३ हे वर्ष शिफारशीचा अंत व गुणवत्तेचा उदय दर्शविते, असे सामान्यतः मानले जाते. ही विभागणी सोयीची असली तरी तिच्यामुळे शिफारशीचा खरा दोष कोणता, हा प्रश्न मागे पडतो.

त्यापूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी जागांवर उमेदवार नेमण्याचा हक्क मुख्यतः तिच्या २४ संचालकांकडे असे. या पद्धतीने अयोग्य माणसेच येत, असे म्हणता येत नाही. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १७९६ साली नोकरीत आला. त्याचा चुलता संचालक होता. दोष निराळा होता. शिफारस करणाऱ्यास आपल्या निवडीची कारणे कोणापुढेही मांडावी लागत नसत. जे कृपेने देता येते ते विकताही येते. अशा जागांची विक्री होत असल्याचे १८०९ च्या पार्लमेंटच्या चौकशीत उघडकीस आले.

हिंदी लोकांच्या बाबतीत या पद्धतीचा परिणाम अधिक स्पष्ट दिसतो. धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण यांमुळे कोणीही नोकरीस अपात्र ठरू नये, असे १८३३ च्या कायद्याने जाहीर केले. परंतु नेमणुकीचा हक्क संचालकांकडेच राहिल्याने ते कलम कागदावरच राहिले. कायद्याने दार उघडले. शिफारशीने ते बंद ठेवले.

१८५३ च्या कायद्याने हा हक्क काढून घेतला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने १८५४ मध्ये योजना आखली व १८५५ पासून स्पर्धापरीक्षा सुरू झाली. ती लंडनला होत असे, म्हणून हिंदी उमेदवारास ती दुर्गमच होती. तथापि १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर तीत उत्तीर्ण होऊन मुंबई इलाख्यात रुजू झाले. सद्वर्तनाचा दाखला उमेदवारास अद्याप लागे. पण त्या पत्राचे स्थान पालटले होते. ते आता निवडीचा आधार न राहता निवडीची एक अट झाले.

हा फरक किती नाजूक होता हे १८७९ मध्ये दिसून आले. लिटनच्या कारकीर्दीत सनदी जागांपैकी एक-षष्ठांशापर्यंत जागा हिंदी लोकांना नामनियुक्तीने देण्याचे ठरले. निकष मुख्यतः घराण्याचा व सामाजिक प्रतिष्ठेचा होता. म्हणजे वरकरणी सवलत देताना शिफारसच परत आणली गेली. सुशिक्षितांना ती रुचली नाही. १८८५ मध्ये मुंबईस भरलेल्या राष्ट्रसभेच्या पहिल्या अधिवेशनाने इंग्लंड व हिंदुस्थान येथे एकाच वेळी परीक्षा घेण्याची मागणी केली, आणि १८८६-८७ च्या एचिसन आयोगानेही ही नामनियुक्तीची पद्धत बंद करण्याची सूचना केली.

परीक्षेने गुणवत्ता नेमकी मोजली जाते काय, हा वाद वेगळा. एकोणिसाव्या शतकातील हिंदी उमेदवारास तिचे महत्त्व वाटले ते अन्य कारणाने : तीत अनुत्तीर्ण होणाऱ्यासही कोणाचे मिंधे व्हावे लागत नव्हते.